टांगलेला भार आणि एपॉक्सीचा क्रीप : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रे सांध्यांत वापरल्या जाणाऱ्या आसंजकांविषयी (चिकटवणाऱ्या द्रव्यांविषयी) आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाराविषयी असल्याने ती एकत्र घेतली आहेत. भार तेवढाच असूनही केवळ काळ गेल्यामुळे पदार्थाची विकृती, म्हणजे त्याचे ताणले जाणे किंवा आकार बदलणे, वाढत जाते, तिला अभियंते क्रीप म्हणतात. पोलादात तो नेहमीच्या तापमानाला जाणवत नाही आणि काँक्रीटमध्ये तो गृहीत धरून हिशेब केले जातात. एपॉक्सी या दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या बाबतीत मात्र तो अनेकदा हिशेबाबाहेर राहतो.

प्रश्न : आम्ही कारखान्यांत स्लॅबच्या खालून केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून बसवलेली सळई) मारून डक्ट आणि पाइपचे सपोर्ट टांगतो. ठरलेल्या प्रमाणात अँकर निवडून त्यांची कन्सल्टंटसमोर पुल-आउट टेस्ट घेतो, डिझाइनच्या सव्वापट भार लावतो आणि आजवर एकही अँकर सुटलेला नाही. तरी नवे कन्सल्टंट कायम भाराचा वेगळा दाखला मागतात. टेस्ट पास झाल्यावर त्याची गरज काय? (एक कंत्राटदार, चंद्रपूर)

उत्तर : पुल-आउट टेस्ट घेत राहा, कारण भोक नीट ब्रशने घासून फुंकले होते का, रेझिन भोकाच्या तळापर्यंत भरले होते का, दोन्ही घटक नोझलमध्ये पुरते मिसळले होते का, हे तिच्यातून चांगले कळते. मात्र ती काही मिनिटांत संपते आणि तेवढ्या वेळात एपॉक्सी जवळजवळ घन पदार्थासारखे वागते. तोच भार महिनोन्महिने राहिला तर त्या एपॉक्सीतील रेणूंच्या साखळ्या एकमेकींवरून किती सरकतील, याचे उत्तर त्या चाचणीत कुठेच नसते. दोन मिनिटांच्या ओढीवरून पन्नास वर्षांची हमी मागणे हे ‘पी हळद नि हो गोरी’ या थाटाचेच आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील बॉस्टनचे आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ९० च्या बोगद्यात वायुवीजनासाठी काँक्रीटच्या जड फळ्यांचे दुसरे छत टांगलेले होते आणि त्याचा भार मूळ छतात एपॉक्सीने बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या अँकरांवर होता. २००३ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि १० जुलै २००६ च्या रात्री त्या छताचा सुमारे २६ टनांचा भाग एका मोटारीवर कोसळून आतील प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००७ च्या अहवालात कारण स्पष्ट शब्दांत दिले : दीर्घकाळ भार पेलण्याची क्षमता नसलेले, क्रीपला कमी विरोध करणारे एपॉक्सी वापरले गेले. त्या उत्पादनाचे दोन प्रकार मिळत असत, एक सावकाश घट्ट होणारा आणि दुसरा झटपट. अल्पकालीन ओढीत झटपट प्रकार कमी पडत नव्हता. क्रीपच्या चाचणीत तो पूर्वीच नापास झाला होता आणि त्याचा वापर वारा व भूकंप अशा अल्पकालीन भारांपुरताच ठेवावा, असे मूल्यमापनात नोंदलेले होते. तरीही बोगद्याच्या छताला तोच लागला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग १९९९ चा आहे. त्याच प्रकल्पातील दुसऱ्या एका बोगद्यात छत टांगल्यानंतर काही अँकर भोकातून खाली सरकलेले आढळले होते. ते बदलले गेले, त्यांची पुन्हा ओढून चाचणी झाली, ती पास झाली आणि काम पुढे गेले. सरकलेला अँकर हा क्रीप डोळ्यांना दिसत असल्याचा पुरावा होता, पण ज्या चाचणीला तो दिसूच शकत नाही तिच्यावरच पुन्हा विसंबले गेले. माझ्या मते त्या प्रकरणातील खरी चूक चुकीची बाटली उघडली गेली ही नसून हीच आहे. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानच्या यामानाशी प्रांतातील सासागो बोगद्यात असेच टांगलेले छत कोसळून नऊ जण मृत्युमुखी पडले. तिथले अँकर १९७७ पासूनचे होते, रेझिन पॉलिएस्टर जातीचे होते आणि क्रीपबरोबरच पाण्याने रेझिनचे विघटन, वारंवार बदलणारा भार आणि मुळातली अपुरी भरणी अशी अनेक कारणे तिथे एकत्र आली होती, म्हणून त्या घटनेचा दाखला जपूनच द्यावा.

बॉस्टननंतर नियम बदलले. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ३१८ क्रमांकाच्या संहितेत २०११ पासून अशा अँकरांसाठी कलमे आली. त्यांनुसार कायम ओढ आसंजनाच्या डिझाइन क्षमतेच्या ५५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, आणि आडव्या किंवा वरच्या दिशेने मारलेल्या, कायम ओढ सोसणाऱ्या अँकरांचे काम प्रमाणित कारागिरांनीच करावे. युरोपच्या २०१८ च्या मानकात उत्पादनाचा वेगळा दाखला नसेल तर यासाठी ०.६ हा गुणांक धरतात. आपले कन्सल्टंट जो कागद मागत आहेत तो म्हणजे या चाचण्यांवर आधारलेला उत्पादनाचा मूल्यमापन अहवाल. तो मिळाल्यावर त्यातील तापमानाचा रकाना आधी पाहा. अमेरिकी पद्धतीत गरम अवस्थेतील कायम भाराची चाचणी साधारणपणे ४३ अंश सेल्सिअसला घेतली जाते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात ४३ अंश ही सावलीतली हवा असते. भट्टीजवळच्या किंवा पत्र्याखालच्या स्लॅबला त्याहून जास्त तापमान मिळत असेल तर अहवालातील आकडा तिथे लागू होत नाही. अशा जागी मी तरी आरपार बोल्ट घालून वरून प्लेट बसवण्याचा किंवा भोकाच्या तळाशी खाच पाडून अडकणाऱ्या यांत्रिक अँकरचा आग्रह धरीन.

प्रश्न : एका आसंजकाच्या अँकरवर ठरावीक भार ठेवून घेतलेल्या १,००० तासांच्या विस्थापनाच्या नोंदी आमच्याकडे आहेत. ५० वर्षांचे भाकीत करताना लॉगरिदमचे समीकरण वापरावे की घातनियम? दोन्ही आलेख नोंदींवर सारखेच चपखल बसतात. (एक संरचना अभियंता, नाशिक)

उत्तर : दोन्ही चपखल बसतात, हीच अडचण आहे. रूढ घातनियम असा : एकूण विस्थापन म्हणजे भार लावताच झालेले विस्थापन, अधिक एक स्थिरांक गुणिले काळाचा ‘न’ वा घात. फिंडली यांचे नाव या नियमाला जोडले जाते आणि अँकरांच्या मूल्यमापनातही हेच रूप वापरतात. समजा, १,००० तासांअखेर क्रीपचा भाग ०.१० मिलिमीटर आहे. ५० वर्षे म्हणजे ४,३८,००० तास, अर्थात ४३८ पट काळ. ‘न’ ०.२ असेल तर क्रीप ०.३४ मिलिमीटरपर्यंत जातो आणि ०.३ असेल तर ०.६२ पर्यंत. लॉगरिदमचे समीकरण घेतले आणि १,००० तासांपाशी त्याचा उतार ०.२ घातांकाच्या आलेखाशी जुळवला, तर उत्तर फक्त ०.२२ येते. नोंदींच्या पट्ट्यात हे तिन्ही आलेख मोजमापाच्या त्रुटीत एकमेकांवर बसू शकतात आणि पट्टा ओलांडला की जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. दोनांतूनच निवडायचे असेल तर घातनियम घ्या, कारण तो सुरक्षित बाजूला चुकतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘न’ कशावर ठरला ते तपासा. भार चढवताना पहिल्या काही मिनिटांत साच्याची बैठक, नटाखालच्या वॉशरचे दबणे आणि यंत्राची स्वतःची लवचीकता या सगळ्यांची भेसळ नोंदीत होते. त्यामुळे तत्काळ विस्थापन कोणते मानायचे यावर घातांक लक्षणीय बदलतो. म्हणून आलेख बसवताना शेवटच्या टप्प्यातील नोंदींना प्राधान्य द्यावे आणि नोंदी काळाच्या लॉगरिदमवर समान अंतराने निवडाव्यात, नाहीतर दर तासाला आपोआप नोंदल्या गेलेल्या शेकडो आकड्यांखाली पहिल्या दिवसाची माहिती दबून जाते. प्रयोगशाळेतील वातानुकूलन रात्री बंद होत असेल तर त्याची दैनिक लाट नोंदींत दिसते. ती गुळगुळीत करून टाकण्याऐवजी शेजारी बिनभाराचा एक अँकर ठेवून तिची वजाबाकी करणे बरे.

फिंडली यांनी पीव्हीसी आणि पॉलिएथिलीन यांच्या नमुन्यांवर २६ वर्षे चालवलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घातनियम तिथे चांगला टिकला, हे या नियमाच्या बाजूचे मोठे बळ आहे. पण ते नमुने नियंत्रित तापमानात होते आणि ते आसंजक नव्हते. शिवाय घातनियमाला तुटणे ठाऊकच नाही. त्याचा वेग काळाबरोबर फक्त कमी होत जातो. प्रत्यक्षात भार पुरेसा असेल तर मंदावलेला क्रीप काही काळ एकसारख्या गतीने चालतो आणि मग वेग घेऊन तुटण्याकडे जातो. या तिसऱ्या टप्प्याची चाहूल पहिल्या टप्प्याच्या आलेखात लागत नाही. म्हणूनच अमेरिकी मूल्यमापनात भाकीत केलेल्या विस्थापनाची तुलना अल्पकालीन चाचणीत आसंजन सुटताना मोजलेल्या विस्थापनाशी करतात. तो व्यवहारी तोडगा आहे. तुटण्याचा काळ खरोखर हवा असेल तर वेगवेगळ्या भारांवर नमुने तुटेपर्यंत टांगून भाराचे प्रमाण आणि तुटण्याच्या काळाचा लॉगरिदम असा स्वतंत्र आलेख काढावा लागतो.

आता तापमान. सामान्य हवेत पक्व झालेल्या एपॉक्सीचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे कडक काचेसारखी अवस्था सोडून ते रबरासारखे वागू लागते ती मर्यादा, ज्या तापमानाला ते पक्व झाले त्याच्या फारशी वर नसते. बहुतेक उत्पादनांत ती ४५ ते ६५ अंशांच्या आसपास सापडते. काळ आणि तापमान यांची अदलाबदल करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात निरनिराळ्या तापमानांवरील छोटे आलेख लॉगरिदमच्या अक्षावर सरकवून एक दीर्घ आलेख तयार होतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांच्या १९५५ च्या समीकरणातील १७.४४ आणि ५१.६ हे सर्वसाधारण स्थिरांक घेतले, तर काचसंक्रमणाच्या फक्त १० अंश वर गेल्यावर प्रक्रिया सुमारे ६८० पट वेगाने चालतात. त्या मर्यादेखाली मात्र हे समीकरण वापरू नये. तिथे अऱ्हेनियस पद्धतीचा, म्हणजे तापमानाबरोबर प्रक्रियेचा वेग घातांकी रीतीने वाढतो असा, संबंध घेतात आणि आणखी एक गुंतागुंत पुढे येते : काचेसारख्या अवस्थेतील एपॉक्सी हळूहळू स्वतःच घट्ट बसत जाते आणि तिचा क्रीप मंदावतो. स्ट्रुइक यांनी १९७८ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. नमुन्याचे त्या अवस्थेतील वय जेवढे, त्याच्या एकदशांशाहून अधिक काळ छोटी चाचणी चालवू नये, हा त्यांचा दंडक आजही पाळला जातो. या घट्ट होण्यामुळे दीर्घ आलेखाचे भाकीत बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त क्रीप दाखवते. पण एखाद्या उन्हाळ्यात सांधा काचसंक्रमणाच्या वर जाऊन आला, तर साठवलेले हे घट्टपण पुसले जाते. ओलावा ती मर्यादाच खाली आणतो, म्हणजे कोकणातल्या पावसाळी गळतीनंतरचे ऑक्टोबरातले ऊन त्या सांध्याला मे महिन्यापेक्षा जड जाऊ शकते.

तेव्हा आपल्याकडे एकाच तापमानाच्या आणि एकाच भाराच्या नोंदी असतील तर समीकरण बदलून विश्वासार्हता वाढणार नाही. तीन तापमाने आणि तीन भार घेऊन साधा घातनियम लावलेला अहवाल, एका भारावर डझनभर स्थिरांक बसवलेल्या विद्वत्तापूर्ण मॉडेलपेक्षा मी केव्हाही आधी वाचीन.

प्रश्न : मेट्रोच्या उन्नत मार्गाचे सेगमेंट (काँक्रीटचे आधीच ओतलेले तुकडे) एपॉक्सी लावून जोडताना मी पाहतो. हे एपॉक्सी सरकत गेले तर मार्ग खचेल का? (एक निवृत्त वाचक, पुणे)

उत्तर : नाही. तिथे भार पेलण्याचे काम ताण दिलेल्या केबलींचे आहे. एपॉक्सीची जबाबदारी दोन काँक्रीटमुखांमधली उंचसखलता भरून काढणे आणि सांध्यातून पाणी शिरू न देणे एवढीच आहे. जोडताना तात्पुरत्या सळयांनी सुमारे ०.३ मेगापास्कल दाब देऊन जास्तीचे द्रव्य बाहेर पिळून काढतात, त्यामुळे थर पातळ राहतो आणि पुढे तो कायम दाबाखाली असतो. पुलाच्या दीर्घकालीन लवण्यात काँक्रीटचा क्रीप आणि केबलींतील ताणाची घट यांचा वाटा मोठा, एपॉक्सीचा नगण्य.

प्रश्न : प्रकल्पासाठी मी लॅप जॉइंटचे (दोन पट्ट्यांची टोके एकमेकींवर ठेवून चिकटवलेल्या सांध्याचे) फायनाइट एलिमेंट मॉडेल, म्हणजे छोट्या भागांत विभागून संगणकावर केलेले गणित, करते आहे. पुस्तकात स्प्रिंग आणि डॅशपॉट (घट्ट द्रवात सरकणारा, वेगाला विरोध करणारा दट्ट्या) यांची मॅक्सवेल, केल्विन-व्हॉइट व बर्गर्स अशी मॉडेल आहेत. कोणते घ्यावे आणि किती घटक पुरतील? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : एकटे मॅक्सवेल घेऊ नका, कारण त्यातला पदार्थ कितीही लहान भाराखाली अखंड वाहत राहतो. बर्गर्समध्येही शेवटी तोच दोष उरतो. पूर्ण पक्व एपॉक्सीच्या साखळ्या परस्परांना रासायनिक बंधांनी जखडलेल्या असल्याने दीर्घकाळानंतरही काही ताठरपणा शिल्लक राहतो. म्हणून अनेक मॅक्सवेल शाखा आणि त्यांच्या जोडीला एक मोकळी स्प्रिंग असे सामान्यीकृत मॉडेल घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ते प्रोनी श्रेणीच्या, म्हणजे काळाबरोबर विरत जाणाऱ्या घातांकी पदांच्या बेरजेच्या, रूपात भरता येते. शाखांची संख्या काळाच्या पल्ल्यावर ठरते : तासापासून दशकापर्यंतचा पल्ला हवा असेल तर काळ दहापट होताना एक, या हिशेबाने पाच-सहा शाखा पुरतात. त्याहून जास्त घातल्या तर काही स्थिरांक ऋण येऊ लागतात आणि ते भौतिक अर्थाने निरर्थक असतात. मात्र श्रेणीतील सर्वांत मोठा काळ आपल्या नोंदींच्या पल्ल्याबाहेरचा ठेवू नका. तिथे संगणक उत्तर देईल, पण ते आपणच भरलेले असेल.

त्याआधी एक तपासणी करा. दोन वेगळ्या भारांवरील विकृतीला आपापल्या प्रतिबलाने (एकक क्षेत्रफळावरच्या बलाने) भागून आलेख काढा. ते एकमेकांवर बसले तर बोल्ट्झमनचे अध्यारोपणाचे तत्त्व (वेगवेगळ्या भारांच्या परिणामांची सरळ बेरीज करता येते हे) आणि प्रोनी श्रेणी दोन्ही चालतील. जास्त भाराचा आलेख वर गेला तर पदार्थ अरेषीय आहे आणि शेपरी यांच्या पद्धतीचे मॉडेल लागेल. लॅप जॉइंटमध्ये ही शक्यता खरी असते, कारण फोल्करसेन यांनी १९३८ मध्ये दाखवल्याप्रमाणे कर्तन प्रतिबल (दोन थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) दोन्ही टोकांना एकवटते आणि मधला भाग जवळजवळ मोकळा असतो. गोलांड आणि राइसनर यांनी १९४४ मध्ये त्यात वाकण्याचा आणि टोकाशी सोलून निघण्याचा परिणाम मिळवला.

याच असमानतेचा फायदाही घेतला गेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी डग्लस कंपनीत चिकटवून जोडलेल्या विमानाच्या धडाचा जो प्रकल्प झाला, त्यात हार्ट-स्मिथ यांनी लॅप मुद्दाम लांब ठेवण्याचा नियम मांडला. टोकाला क्रीप झाला तरी लांब लॅपचा मधला अल्पभारित पट्टा स्थितिस्थापक राहतो, टोके फार सरकू देत नाही आणि भार उतरल्यावर ती परत मूळ जागी आणतो. लॅप आखूड असेल तर सगळीच लांबी भारित असते आणि प्रत्येक फेरीत थोडा क्रीप साचत जातो. प्रत्येक उड्डाणानंतर धडावरचा दाब उतरतो, म्हणून विमानात हे साधते. बॉस्टनच्या छतासारखा भार कधीच उतरत नसेल तर परत येण्याला वाव नाही. आपल्या मॉडेलमध्ये लॅपची लांबी बदलून मधल्या बिंदूवरचे प्रतिबल काळाबरोबर कसे वाढते, एवढे एकच चित्र नीट काढले तरी प्रकल्पाला भरपूर आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या स्लॅबला कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून मजबुती द्यायची आहे. वरचे सगळे वाचून त्या निसटतील अशी भीती वाटते. (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : पट्ट्या चिकटवल्या जातात तेव्हा स्लॅबने स्वतःचे वजन आधीच पेललेले असते. जॅक लावून स्लॅब वर उचलला नसेल तर ते वजन पट्टीकडे येतच नाही. तिच्याकडे नंतर येणाऱ्या भाराचा वाटा जातो आणि त्यातला बराचसा ये-जा करणारा असतो. त्यामुळे एपॉक्सीवरची कायमची ओढ अँकरच्या मानाने कमी असते. शिवाय अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत अशी अट आहे की पट्ट्या निकामी झाल्या तरी मूळ स्लॅबने कायम भाराच्या १.१ पट अधिक वापराच्या भाराच्या ०.७५ पट एवढे पेलले पाहिजे. आपल्या कन्सल्टंटकडून हा हिशेब लेखी मागा. तो बसत नसेल तर पट्ट्यांऐवजी खालून पोलादी तुळया देणे योग्य. दुसरी गोष्ट गच्चीच्या स्लॅबची. त्याच मार्गदर्शिकेनुसार वापरातील तापमान काचसंक्रमण तापमानाच्या किमान १५ अंश खाली राहिले पाहिजे. उत्पादनाच्या कागदावर काचसंक्रमण ५५ अंश लिहिले असेल तर मर्यादा ४० ची होते, आणि जलरोधनाच्या काळ्या थराखालचा गच्चीचा स्लॅब उन्हाळ्याच्या दुपारी ती ओलांडू शकतो. मधल्या मजल्यांना ही अडचण नाही. गच्चीसाठी जास्त काचसंक्रमणाचे आसंजक निवडा आणि वरच्या थराला पांढरा परावर्तक रंग द्या.